अभ्यासिका आणि सहाध्यायी

‘ग्रंथालय’ या शब्दात ग्रंथ आहे, ‘वाचनालय’ या शब्दात वाचन आहे. ‘अभ्यासिका’ या शब्दात मात्र ग्रंथही नाही आणि गुरूही नाही. तेथे विद्यार्थ्याने आपले पुस्तक आपण घेऊन यावयाचे, समोरच्या टेबलावर उघडावयाचे आणि वेळ संपेपर्यंत न बोलता बसावयाचे. संस्थेने पुरवावयाचे ते टेबल, दिवा, पंखा आणि शांतता. मुंबईच्या उपनगरांत विद्यार्थ्यांसाठी जे सार्वजनिक साहाय्य उभे राहिले त्याचे सर्वांत परिचित रूप हेच होय. महापालिकेच्या शाळांतील वर्ग, गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या, गृहनिर्माण संस्थांची कार्यालये आणि आता महिन्याच्या भाड्याने खुर्ची देणारी खाजगी दालने, या सर्वांच्या दारावर एकच पाटी असते. आत भिंतीवर दुसरी पाटी असते ती ‘शांतता राखा’ अशी. साहाय्याच्या या कल्पनेने काय साधले आणि तिच्यातून काय निसटले याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. चिकित्सेसाठी साकीनाक्याचा परिसर समोर ठेवला आहे.

ही निवड सहेतुक आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जेथे मिळतात तो हा नाका. त्याच्या ईशान्येस पवईला १९५८ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे, नैर्ऋत्येस कलिन्याला मुंबई विद्यापीठाची विद्यानगरी आहे. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचे एक स्थानक येथेच आहे. म्हणजे नकाशावर पाहू गेल्यास उच्च शिक्षणाच्या इतक्या जवळ असलेली वस्ती शहरात क्वचितच सापडेल. परंतु खैरानी रस्ता, काजूपाडा, जरीमरी, असल्फा या भागांतील लहान कारखाने, गाळे आणि एका खोलीची बिऱ्हाडे यांतून जे तरुण पदवीपर्यंत पोहोचतात, त्यांतील फारच थोड्यांचा पवईच्या किंवा विद्यानगरीच्या आवाराशी नित्याचा संबंध येतो. त्यांचे विद्यापीठ म्हणजे जवळपासचे एखादे महाविद्यालय. नोकरी करणाऱ्यांचे विद्यापीठ म्हणजे टपालाने अथवा हल्ली संगणकावरून येणारे पाठ. दोन विद्यापीठीय आवारांच्या मधोमध राहूनही विद्यापीठाबाहेर असणे ही जी स्थिती आहे, तिच्यात विद्यार्थी-साहाय्याच्या कोणत्याही कल्पनेची खरी परीक्षा होते.

प्रथम शांततेचे ऋण मान्य करणे न्याय्य होईल. ज्या विद्वानाच्या घरात स्वतंत्र खोली आहे त्याने शांततेला गौण लेखणे शोभत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन परळच्या चाळीतील एका खोलीत गेले. खोलीत दाटी इतकी की वडील त्यांना लवकर निजवीत आणि मध्यरात्र उलटल्यावर दोनच्या सुमारास अभ्यासास उठवीत, अशी हकीकत धनंजय कीर यांच्या चरित्रात आली आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील खोल्या अवघ्या १६० चौरस फुटांच्या. तेथील मुले पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गावर रस्त्याच्या दिव्याखाली बसत आली, आणि त्या रस्त्याला लोकांनीच ‘अभ्यास गल्ली’ हे नाव दिले. महापालिकेने अलीकडे त्या गल्लीत बाके व दिव्यांची सोय केली. परंतु नाव अगोदरचे आहे, सोय मागाहूनची. साकीनाक्याला तर वाहनांचा, यंत्रांचा आणि विमानांचा असा तिहेरी कोलाहल आहे. अशा ठिकाणी चार तासांची शांतता देणे हे मोठेच देणे आहे, आणि ज्यांनी ते दिले त्यांचा उपहास येथे अभिप्रेत नाही.

तथापि, शांतता हे अभ्यासाचे एक साधन आहे. अभ्यासिकेच्या कल्पनेने ते साधन म्हणजेच अभ्यास असे मानून टाकले. ही गफलत काही अंशी आपल्या शब्दातच दडलेली आहे. ‘अभ्यास’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आवृत्ती, पुन्हा पुन्हा करणे. पाणिनीने धातूचे द्वित्व झाले असता त्यातील पहिल्या अवयवाला ‘अभ्यास’ ही संज्ञा दिली, ती याच अर्थाच्या अनुषंगाने. योगशास्त्रात, संगीतात, मल्लविद्येत हा अर्थ आजही जिवंत आहे. मराठीने मात्र या एका शब्दावर समजून घेण्याचा आणि घोकण्याचा असा दुहेरी भार टाकला. ‘मुलाचा अभ्यास झाला’ या वाक्यात त्याला विषय कळला की त्याने धडा पाठ केला, हे वाक्य ऐकणाऱ्यास सांगता येत नाही. बहुधा सांगणाऱ्यासही येत नाही. आवृत्तीला शांतता आणि एकांत पुरतात. समजून घेण्याला ते पुरतात का, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर दूर देशातून मिळते, आणि ते येथे देण्याचे कारण त्यातील निरीक्षणाची रीत होय. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात युरी ट्राइझमन या गणितज्ञाने प्रथम वर्षाच्या कलनशास्त्रात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने का अनुत्तीर्ण होतात याचा शोध घेतला. अध्यापकांना विचारता उत्तरे ठरावीक आली: त्यांची तयारी कच्ची, घरचे पाठबळ कमी, ईर्ष्या नाही. ट्राइझमनने ही उत्तरे बाजूस ठेवली आणि वीस कृष्णवर्णीय व वीस चिनी वंशाचे विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे त्यांच्याबरोबर राहून पाहिले. पहिल्या गटातील विद्यार्थी कष्टाळू होते, नियमित होते, आणि जवळजवळ सर्व जण एकटे अभ्यास करीत होते. दुसऱ्या गटातील विद्यार्थी प्रथम एकटे आणि मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरे तपासत, वाद घालीत, परीक्षक कोणत्या चुकीला किती गुण कापतो याचीही वार्ता एकमेकांस देत. यानंतर ट्राइझमनने कच्च्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे सोपे वर्ग काढले नाहीत. कठीण उदाहरणे देऊन ती मिळून सोडविण्याच्या कार्यशाळा काढल्या, आणि त्यांत आलेल्यांची प्रगती लक्षणीय ठरली. शिस्तीने एकटे बसणारा विद्यार्थी हा आपल्या अभ्यासिकेचा आदर्श आहे. बर्कलेला नापास होत होता तो नेमका हाच विद्यार्थी.

बोलण्याने नेमके काय घडते? भाषाविज्ञानाच्या दृष्टीने या प्रश्नाला महत्त्व आहे. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये व्यवहारातील संभाषणाचे भाषाकौशल्य आणि शास्त्रीय विषय हाताळण्याचे भाषाकौशल्य यांत भेद केला, आणि पहिले आले म्हणजे दुसरे आपोआप येते या समजुतीला धक्का दिला. त्या भेदावर पुढे आक्षेपही पुष्कळ आले. परंतु ज्याने मराठी माध्यमातून अथवा महापालिकेच्या हिंदी वा उर्दू शाळेतून येऊन इंग्रजी पाठ्यपुस्तक हाती घेतलेला विद्यार्थी जवळून पाहिला आहे, त्याला भेदाची सत्यता पटण्यास फार वेळ लागत नाही. हा विद्यार्थी तीन भाषांतून बाजार करतो आणि एकाही भाषेत ‘मागणीची लवचिकता’ समजावून सांगू शकत नाही.

हेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाला शिकणारी मुलगी अभ्यासिकेत बसून लवचिकतेची व्याख्या दहा वेळा वाचते. व्याख्या तोंडपाठ होते. शेजारी तोच विषय घेतलेली दुसरी मुलगी बसलेली असते. तिचीही व्याख्या तोंडपाठ होते. दोघी बाहेर पडून रिक्षाची वाट पाहत उभ्या राहतात आणि एक म्हणते, ‘कांदा महागला तर आई एक किलोऐवजी पाव किलो आणते, पण मीठ महागले तरी मीठ तेवढेच लागते, म्हणजे मिठाची डिमांड इलॅस्टिक नाही, बरोबर ना?’ दुसरी म्हणते, ‘मग रिक्षाचे काय? भाडे वाढले की आपण चालत जातो, पण आजी चालू शकत नाही.’ या दोन वाक्यांत जे घडले ते दहा वाचनांत घडले नव्हते. पहिलीने संज्ञेला आपल्या घरातील वस्तू जोडली. दुसरीने तिला दुरुस्त केले: एकाच वस्तूची मागणी एकाला लवचिक आणि दुसऱ्याला अलवचिक असू शकते. हा विचार त्यांच्या पुस्तकात चार पानांनंतर येणार आहे. तेथे पोहोचतील तेव्हा तो त्यांच्या ओळखीचा असेल.

या संभाषणाची भाषा पाहण्यासारखी आहे. वाक्यरचना मराठी, संज्ञा इंग्रजी, उदाहरण घरचे. भाषाशुद्धीच्या अभिमान्याला ती भ्रष्ट वाटेल आणि इंग्रजीच्या अभिमान्याला कच्ची. वस्तुतः ती पूल आहे. ‘इलॅस्टिक नाही’ पासून ‘अलवचिक मागणी’ पर्यंत किंवा त्याच्या इंग्रजी प्रतिशब्दापर्यंत जाण्याचा मार्ग या मिश्र बोलण्यातूनच जातो. जो विद्यार्थी हा टप्पा गाळून थेट ग्रांथिक वाक्याकडे जातो त्याची संज्ञा त्याच्या जिभेवर राहते, हाताखाली येत नाही. प्रश्न किंचित फिरवून विचारला की तो थांबतो. आणि अभ्यासिकेच्या नियमाने मना केलेली गोष्ट नेमकी हीच आहे: विषयाविषयी, चुकतमाकत, आपल्या भाषेत, बरोबरीच्या माणसाशी मोठ्याने बोलणे.

मुंबईला हे सारे परक्याकडून शिकावयास हवे होते असे नाही. या शहरात विद्यार्थ्यांचे अध्ययनमंडळ विद्यापीठाहून जुने आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले; त्याच्या नऊ वर्षे आधी, जून १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी आपल्या अध्यापकांच्या साहाय्याने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड, विश्वनाथ नारायण मंडलिक ही नावे तिच्याशी निगडित आहेत. मूळ संस्थेचे कामकाज इंग्रजीत चाले. सभासद निबंध वाचीत आणि त्यावर चर्चा होई. परंतु लवकरच तिच्या दोन शाखा निघाल्या, एक गुजराती आणि एक मराठी. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले आणि ते १८६७ पर्यंत चालले. याच मंडळींनी १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी तेथे स्वतः विनावेतन शिकविले.

आपल्याकडील इतिहासलेखनात या सभेची गणना प्रबोधनाच्या अध्यायात होते आणि तेथेच ती संपते. शैक्षणिक रचना म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे. तसे पाहिल्यास तीन गोष्टी दिसतात. त्या विद्यार्थ्यांना पुस्तके आणि शिक्षक एल्फिन्स्टनमध्ये मिळत होते; तरी त्यांना निराळी सभा हवीशी वाटली, कारण वर्गात जे ऐकले ते स्वतःच्या तोंडाने मांडल्याखेरीज आपले होत नाही याची जाण त्यांना होती. दुसरे, इंग्रजीत शिकलेले मराठीत किंवा गुजरातीत सांगावयाचे हा त्यांचा नित्याचा व्यायाम होता. आज ज्याला परिभाषानिर्मिती म्हणतात ती तेथे शासकीय समितीच्या बैठकीत झाली नाही, श्रोत्यांसमोर उभे राहून झाली. वक्त्याला शब्द सापडला नाही तर त्याची अडचण सर्वांना दिसे. तिसरे असे की, जे कालपरवा शिकले तेच आज शिकवू लागले. मुलींच्या शाळांतील ते विनावेतन शिक्षक हे स्वतः विद्यार्थिदशेतून नुकतेच बाहेर पडलेले, काही तर अजून तीतच असलेले तरुण होते.

या सभेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती प्रायः उच्चवर्णीय हिंदू आणि पारशी पुरुषांची सभा होती. साकीनाक्याच्या आजच्या विद्यार्थ्याच्या पणजोबाला तिच्या दारात उभे राहता आले असते की नाही याची शंकाच आहे. विसाव्या शतकात जेव्हा त्या दाराबाहेरच्या वर्गांसाठी शिक्षणाची सोय होऊ लागली, तेव्हा करणाऱ्यांना आधी प्राथमिक गरजा भागवाव्या लागल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले ते अन्न, निवारा आणि सर्व जातींच्या मुलांची एक पंगत यांसाठी. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. ग्रंथसंग्रहाकडे बाबासाहेबांनी जातीने लक्ष पुरविले. या संस्थांत सहाध्याय आपोआप घडला, कारण मुले एकत्र राहत होती किंवा एका वेळी एका इमारतीत येत होती. पुढे विद्यार्थिसंख्या वाढली, महाविद्यालये पाळ्यांत चालू लागली, वसतिगृहात राहणाऱ्यांचे प्रमाण नगण्य झाले. एकत्र राहण्याने जे फुकट मिळत होते ते नाहीसे झाले आणि त्याच्या जागी काही योजावे याची आठवण कोणास राहिली नाही. उरली ती टेबलाची आणि दिव्याची गरज. अभ्यासिकेची कल्पना अशी घडली.

येथे एका शब्दाच्या नशिबाकडे लक्ष वेधावेसे वाटते. विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन अध्ययन करण्याला मराठीत ‘अभ्यासमंडळ’ हे सहज सुचणारे नाव आहे, आणि सामाजिक चळवळींत ते त्या अर्थाने वापरलेही गेले. विद्यापीठात मात्र ‘अभ्यासमंडळ’ म्हणजे अभ्यासक्रम ठरविणाऱ्या प्राध्यापकांची अधिकृत समिती. विद्यार्थी त्या मंडळात नसतो आणि अभ्यासही तेथे होत नाही. केवळ तो नेमला जातो. योग्य शब्द असा आधीच गुंतलेला असल्यामुळे, अमेरिकेतून अलीकडे आलेल्या संकल्पनेसाठी ‘अध्ययन-समुदाय’ असा जोडशब्द पाडण्यात आला. ज्यांची परंपरा अलेक्झांडर मायकलजॉन यांच्या विस्कॉन्सिन येथील १९२७ ते १९३२ या काळातील प्रायोगिक महाविद्यालयापर्यंत नेली जाते, तेच हे समुदाय. पण ‘समुदाय’ म्हणजे जमाव. त्यात परस्परसंबंधाची सूचना नाही. मंडळात माणसे एकमेकांकडे तोंड करून बसतात. आणि ‘सहाध्यायी’ हा नितांत सुंदर शब्द तर आता श्रद्धांजलीपर लेखांपुरताच उरला आहे.

संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या यंत्रणेचाही या विस्मरणात वाटा आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या प्रदीर्घ काळ चालत आलेल्या सात निकषांच्या चौकटीत पायाभूत सुविधा व अध्ययनसाधने हा एक निकष आहे, विद्यार्थी-साहाय्य व प्रगती हा दुसरा. महाविद्यालये त्यानुसार ग्रंथसंख्या, संगणकसंख्या, शिष्यवृत्त्यांचे लाभार्थी, मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण असे तक्ते भरतात. मोजता येईल ते लिहिले जाते. दोन विद्यार्थ्यांनी जिन्यात उभे राहून एका संज्ञेवर वाद घातला ही घटना कोणत्या रकान्यात बसावी? मोजणीला विरोध करण्याचे कारण नाही; परंतु रकाना नाही म्हणून खोलीही नाही, असा व्यवहार होऊ लागला आहे.

दूरस्थ शिक्षणात ही उणीव अधिक बोचते. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. मुक्त विद्यापीठाने भाषेचा विचार केला, हे त्याचे वैशिष्ट्य मान्य करावयास हवे. शिक्षकाला त्याने ‘समंत्रक’ म्हटले. मंत्रणा म्हणजे सल्लामसलत. ‘सम्’ या उपसर्गाने ती मिळून करावयाची असे सूचित होते. पाठ्यपुस्तक लिहिताना विद्यार्थ्याला उद्देशून बोलावे, मध्येच प्रश्न विचारावा, त्याला थांबून उत्तर लिहावयास लावावे, ही स्वयं-अध्ययन साहित्याची रीतही याच विचारातली. तिच्या मागे स्वीडिश शिक्षणशास्त्रज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांची कल्पना आहे. दूरस्थ पाठ हा छापील संवाद असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. कल्पना चांगली आहे, पण छापील संवादात एक बाजू आधीच लिहून ठेवलेली असते. पुस्तक विद्यार्थ्याला प्रश्न विचारते. विद्यार्थी पुस्तकाला ‘मला तसे वाटत नाही, मिठाचे निराळे आहे’ असे म्हणू शकत नाही. संपर्कसत्रे आहेत, परंतु सुटीच्या दिवशी काही तासांत घटक संपवावयाचा असल्यावर मंत्रणेचे व्याख्यान होते, हे ज्याने अशी सत्रे घेतली त्याला सांगावयास नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी दूरस्थ शिक्षणासाठी विद्यार्थी-साहाय्य केंद्रांची तरतूद आवश्यक ठरविली. खैरानी रस्त्यावरील गाळ्यात दिवसभर काम करून पदवीचा अभ्यास करणाऱ्या तरुणाला त्या केंद्रात समंत्रक भेटेल. सहाध्यायी भेटेल का, याविषयी नियम काही सांगत नाहीत.

मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा जो नवा पुरस्कार चालू आहे त्यालाही हीच कसोटी लावावी लागेल. एप्रिल २०२३ मध्ये आयोगाने विद्यापीठांना सुचविले की अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. २०२४ मध्ये ‘अस्मिता’ या नावाने भारतीय भाषांत पाच वर्षांत २२,००० पुस्तके सिद्ध करण्याचा प्रकल्प जाहीर झाला. संख्या भव्य आहे. पण महाराष्ट्राला याचा पूर्वानुभव आहे. विद्यापीठीय स्तरावरची मराठी पुस्तके काढण्यासाठी नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ स्थापन झाले होते आणि त्याने अनेक विषयांवर ग्रंथ प्रसिद्ध केले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषाकोश काढले. त्यांतील परिश्रमाविषयी आदरच बाळगला पाहिजे. तरीही कोशातील संज्ञा कोशातच राहिल्या अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते, आणि तिचे खापर संज्ञांच्या संस्कृतप्रचुरतेवर फोडले जाते. हे निदान अपुरे आहे. ‘लवचिकता’ हा काही कठीण शब्द नाही. तो रूढ होत नाही, कारण तो उच्चारण्याचे प्रसंग विद्यार्थ्याला मिळत नाहीत. शब्द वापराने सोपा होतो. केवळ वाचून कोणताही शब्द सोपा झालेला नाही. २२,००० पुस्तकांबरोबर ती मोठ्याने समजावून सांगण्याच्या जागा निर्माण झाल्या नाहीत तर नव्या ग्रंथांचे स्थान जुन्या ग्रंथांशेजारीच ठरलेले आहे.

बोलण्याला शहरात जागा अजिबात नाही असे नव्हे. एक जागा आहे, ती नाका. ‘नाका’ म्हणजे मूळ जकातीची चौकी. मुंबईच्या मराठीत तो उभे राहून बोलण्याचा चौक झाला. सकाळी कामगार नाक्यावर रोजंदारीचे सौदे होतात, संध्याकाळी पोरे उभी राहतात, आणि ‘नाक्यावर असतो’ हे वाक्य मुलाविषयीची तक्रार म्हणून बोलले जाते. परीक्षेच्या दिवसांत याच नाक्यावर संभाव्य प्रश्नांची, उत्तरांची आणि प्राध्यापकांच्या लहरींची जी देवघेव होते ती ट्राइझमनच्या चिनी विद्यार्थ्यांच्या गटाहून फारशी निराळी नाही. परंतु नाका मुलग्यांचा आहे. मुलगी नाक्यावर उभी राहत नाही. तिने उभे राहू नये अशीच घरची आणि दारची अपेक्षा असते. तिला घराबाहेर दोनच जागा मान्य आहेत, महाविद्यालय आणि अभ्यासिका. महाविद्यालयात तास संपला की पाळी बदलते. अभ्यासिकेत बोलावयाचे नाही. म्हणजे मौनाचा नियम वरवर सर्वांना सारखा असला तरी त्याचा भार सारखा नाही. मुलगा तो नियम पाळून बाहेर नाक्यावर त्याची भरपाई करून घेतो. मुलीला भरपाईची जागाच नाही. रिक्षाची वाट पाहण्याची ती दहा मिनिटे हाच तिचा अध्ययन-समुदाय.

यावर आक्षेप येतील ते अपेक्षित आहेत. बोलावयास मुभा दिली की गप्पा होतील, असे व्यवस्थापक म्हणतील. आणि ते खरेही आहे. यासाठी शांततेची खोली मोडण्याचे कारण नाही, तिच्या शेजारी दार लागणारी दुसरी खोली असावी एवढेच पुरे. तीत समोर विशिष्ट विषयाचे काही कठीण प्रश्न ठेवलेले असावेत, आणि तोच विषय एकदोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला एखादा विद्यार्थी मानधनावर बसलेला असावा. उत्तर देणे त्याचे काम नव्हे; कोणी गप्प राहिला तर त्याला बोलते करणे हे त्याचे काम. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेत १९७३ पासून अशी पद्धत रूढ झाली आणि पुढे अनेक देशांत गेली. १८४९ मधील मुंबईच्या त्या विनावेतन शिक्षकांना ती नवीन वाटली नसती. खर्चाची बाब मोठी नाही. शाळांच्या इमारतींतील वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, आणि आजच्या अभ्यासिका चालतात त्याही पुष्कळदा त्यांतच.

अधिक गंभीर आक्षेप भाषेचा आहे. १८४८ च्या सभेला मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा करून प्रश्न सोडविता आला. साकीनाक्याच्या एका खोलीत जमणाऱ्या आठ विद्यार्थ्यांच्या घरी मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू यांपैकी कोणतीही भाषा असू शकते; मराठी बोलणाऱ्यांतही रत्नागिरीची आणि मराठवाड्याची बोली निराळी. त्यांची भाषावार शाखा करणे शक्य नाही, इष्टही नाही. ते परस्परांशी बोलतात ते मुंबईच्या हिंदीत, मराठीच्या मिश्रणाने, इंग्रजी संज्ञा पेरून. या बोलीला ना अभ्यासक्रमात स्थान आहे ना परिभाषाकोशात, आणि तिचा संग्रह करावा असे भाषेच्या विभागांनाही आजवर विशेषसे वाटलेले नाही. मराठीच्या अभिमानाने त्या खोलीत केवळ मराठीचा आग्रह धरला तर निम्मी मुले पुन्हा गप्प बसतील. सर्व काही मिश्र बोलीवर सोडले तर लेखनाच्या वेळी प्रमाण मराठीचे अथवा इंग्रजीचे दार बंदच राहील. बोलण्यात मिश्रण, फळ्यावर संज्ञा दोन्ही भाषांत, आणि वहीत विद्यार्थ्याने निवडलेली परीक्षेची भाषा, अशी काही क्रमवारी प्रयोगाने ठरवावी लागेल. प्रयोगाची जागा विद्यानगरीपासून मेट्रो आणि बसच्या अंतरावर आहे. पदव्युत्तर वर्गातील जे विद्यार्थी प्रबंधिकेसाठी विषयाच्या शोधात असतात, त्यांच्यापैकी दोघांनी एक संध्याकाळभर अशा खोलीत बसून एखादी संज्ञा कोणकोणत्या वाक्यांतून फिरते याची नोंद घेतली, तर भाषेच्या आणि शिक्षणशास्त्राच्या दोन्ही विभागांना ती उपयोगी पडेल; तूर्त तशी नोंद घ्यावयास खोलीच उपलब्ध नाही.